इथपर्यंत येतं

"मॅडम, अभिनंदन! ॲव्हरेज अठरा!" निकालाचा कागद हलवतच एचओडी सर स्टाफरूममध्ये आले. "वीसपैकी अठरा! तुमच्या जादा तासाची यंदा गरजच नाही. बुधवारचा तो स्लॉट मी कोडिंगला देतो."

पळस्प्याच्या पुढे आमचं इंजिनीअरिंग कॉलेज. तिथे मी बावीस वर्षं गणित शिकवतेय. एवढी हुशारी एका उन्हाळ्यात उगवत नाही.

पहिल्या आठवड्यात मी डायग्नॉस्टिक क्विझ घेते. नाव भारदस्त, काम साधं. शिकवायला सुरुवात करण्याआधी कुणाचं गणित कुठे कच्चं आहे ते बघायचं. वीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, खाली कच्च्या कामाला जागा. याचे मार्क कुठेच धरले जात नाहीत. वर्ग कच्चा निघाला तर बुधवारी जादा तास, एवढंच. हे मी मुलांना तीनदा सांगितलं होतं. पण पेपर म्हटला की आपली मुलं आधी उत्तरं शोधतात. पेपर कशासाठी आहे ते नंतर.

पेपर असिस्टंटने तपासले होते. मी गठ्ठा काढून बसले. चार वर्षं मी तोच पेपर देत होते, आळस माझाच. यंदा फक्त अकराव्या प्रश्नातला एक आकडा बदलला होता. अठ्ठावन्न मुलांनी अकराव्याला गेल्या वर्षीचं उत्तर दिलं होतं. सीनियर्सनी व्हॉट्सॲपवर उत्तरं वाटली होती. कच्च्या कामाची जागा सगळीकडे कोरी.

एकोणसाठावा पेपर प्रणालीचा. चिरनेरकडून दोन गाड्या बदलून येणारी, मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी. वीसपैकी तीन. पण कच्च्या कामाची जागा तिने गच्च भरली होती. प्रत्येक गणित पायरीपायरीने करत गेली होती आणि जिथे अडली तिथे पट्टीने आडवी रेघ. रेघेखाली एक ओळ. "इथपर्यंत येतं. घातांक उणे झाला की पुढे कळत नाही." पुढच्या गणितात, "इथपर्यंत येतं. छेद वेगळे असले की अडते." अशा सतरा रेघा!

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपल्याला कळत नाही हे सगळ्यांनाच कळतं. पण नेमकं कुठून कळेनासं होतं? एम.एस्सी.ला असताना मला कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. अठरा वर्षांच्या त्या पोरीला हात जोडावेसे वाटले.

तिला बोलावलं. ती दारातच थांबली. "मॅडम, मला काढणार काय कॉलेजातून?"

"अगं, कोण काढतंय? या रेघा मारायला कुणी शिकवलं तुला?"

"शिकवलं नाय कुणी. खाडीला लागून शेती हाय आमची. बांधातून खारं पाणी शेतात शिरलं का बाबा आधी बांधावरून चालत जातात. जिथून शिरतं तिथं काठी रोवतात. मग माणसं बोलावतात. कुठं बुजवायचं तेच म्हाईत नसेल तर माणसं येऊन काय करतील?"

"उत्तरं तुझ्या फोनवर आली नव्हती?"

"आली होती ना. पण ती लिहिली असती तर तुमी जादा तास घेतलाच नसता. त्या तासाशिवाय मी पास नाय होणार, मॅडम."

मी तडक एचओडी सरांकडे गेले.

"एका मुलीसाठी बॅच?"

"सर, मला एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी वर्गात कोरे कागद वाटले आणि फळ्यावर पाच गणितं लिहिली. रेघेची रीत सांगितली, प्रणालीचं नाव न घेता. "उत्तर नाही आलं तरी चालेल. खोटी रेघ चालणार नाही." बराच वेळ कुणी पेन उचललं नाही. मग एकेक पट्टी दप्तरातून निघायला लागली.

सगळे कागद मी सरांच्या टेबलावर पसरले. एक्केचाळीस मुलांची रेघ तिसऱ्या गणितात एकाच पायरीवर होती. उणे घातांक. सर खुर्चीतून उठून बघायला लागले.

"मॅडम, हे तर शाळेतलं गणित आहे!"

"हो. आणि मी बावीस वर्षं याच्या पुढून शिकवायला सुरुवात करतेय."

सरांनी टाइमटेबलात बुधवारचं कोडिंग खोडलं.

सेमिस्टरच्या निकालात प्रणालीला शंभरपैकी सत्तेचाळीस मिळाले. चाळीसला पास. ती सांगायला आली तेव्हा मला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

"दोन गणितं अर्धीच सुटली मॅडम. तिथं रेघ मारून आले."

"युनिव्हर्सिटीच्या पेपरात?"

"म्हणजे तपासणाऱ्याला कळेल ना, कुठपर्यंत येतं ते."

त्या तपासणाऱ्याचं काय झालं असेल, देव जाणे. मी मात्र आता क्विझ दरवर्षी नवी काढते. पर्याय देत नाही. येताना पट्टी आणायला सांगते.