जांझिबारसाठी बाई शोधायला बडोद्याला

आमच्या जांझिबारच्या मराठी शाळेचे म्हातारे मास्तर कायमचे रत्नागिरीला परत गेले आणि शाळेला कुलूप लागलं. शाळा ती केवढी! मराठी मंडळाचा गणपती बसतो ती खोली आणि मूठभर पोरं. पण ती गेली तर पोरं गुजराती आणि स्वाहिलीच बोलणार, हे सगळ्यांना कळत होतं. मंडळाने ठरवलं, शिक्षिका बडोद्याहून आणायची. गायकवाड महाराजांनी तिथे मुलींनासुद्धा शाळा सक्तीची केली आहे, म्हणजे शिकवणाऱ्या बायकाही असणारच.

बाबा कस्टमात कारकून. त्यांना रजा मिळाली. मी म्हटलं, "मलाही न्या. बाईची पारख बाईलाच असते." माझा जन्म जांझिबारचा, हिंदुस्थान कधी पाहिलेला नाही. बाबा हो म्हणाले तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या लवंगांवरूनच नाचत गेले आणि आईचा धपाटा खाल्ला.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी खुशाल डेकचं तिकीट काढावं. वरच्या वर्गापेक्षा स्वस्त, आणि करमणूक फुकट. शेजारी पथारी टाकलेल्या कच्छी काकूंनी मला थेपले खाऊ घातले, पोट ढवळलं की लिंबाचं लोणचं चाटवलं. शेगडी, तांदूळ आणि लोणचं सोबत असू द्या, बाकी सगळं बोटीवर जुळतं.

मुंबईहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी बडोदे. स्टेशनाबाहेर सयाजीगंजात टांगेवाल्याने विचारलं, "क्यां जवुं छे, बेन?" मी गुजरातीत उत्तर दिलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "आफ्रिकावाळा? मारो साळो मोम्बासामां छे!" मग काय, मेव्हण्याच्या नावाने त्याने आम्हाला वाट वाकडी करून सुरसागर तलाव दाखवला, न्यायमंदिर दाखवलं, मांडवीपाशी टांगा थांबवून द्रोणात बटाट्याचा ओलसर लीला चिवडा खाऊ घातला. मी इतकी मागेपुढे वळून बघत होते की बाबांनी माझा पदर धरून ठेवला.

उतरलो बाबांच्या मावसभावाकडे. दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू. पहिल्या शिक्षिकेच्या आईने "तिकडे सिंह माणसं खातात म्हणे" म्हणत दारातूनच नमस्कार केला. दुसरीचं लग्न ठरलं होतं. तिसरीने विचार करते म्हटलं आणि निरोपच आला नाही. परतीच्या बोटीची तारीख जवळ आली. बाबा जेवता जेवता बोटीची तिकिटं काढून बघू लागले. मी मात्र कमाठीबागेतले वाघ बघून येत होते आणि रात्री आमची कुलूप लागलेली खोली आठवून हळूच रडत होते.

शेवटचं नाव होतं यमुताईंचं. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत भावाकडे राहणाऱ्या, चाळिशीच्या, विधवा शिक्षिका. त्यांचे भाऊ अण्णा कचेरीत नोकरीला होते. ऐकताच म्हणाले, "समुद्रापार? एकटी बाई? लोक काय म्हणतील?"

"अण्णा, मी शाळेत नोकरीला लागले तेव्हाही लोक म्हणतच होते," यमुताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मुली, तिथली पोरं मराठी बोलतात तरी कशी?"

खोटं काय सांगणार? "म्हणतात, 'बाई, माझी चप्पल पोतेआ झाली!' पोतेआ म्हणजे स्वाहिलीत हरवणं."

यमुताई हसता हसता डोळे पुसू लागल्या. "अगं, माझी पोरं म्हणतात, 'बाई, पाटी पडी गई!' आणि अण्णा, आपले पणजोबा गायकवाडांच्या फौजेबरोबर घाटावरून इथे आले, ते परत गेले का?"

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "भात मिळतो ना तिथे?"

"मिळतो!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बायका गॅलरीत आल्या.

परतीच्या बोटीवर यमुताईंना समुद्र असा लागला की पहिले काही दिवस त्यांनी मला एक शब्दही शिकवला नाही, फक्त बडोद्याकडे तोंड करून निजून राहिल्या. एकदा मात्र म्हणाल्या, "सुमती, चुकले का गं मी?" मी त्यांचा हात धरून बसले.

जांझिबारच्या धक्क्यावर सगळं मंडळ हजर होतं. सोमवारी शाळा उघडली. पोरं पुढे बसली. यमुताई फळ्यावर 'अ' काढत होत्या, तेवढ्यात मागच्या दाराने आई आत आली, डोक्यावरचा पदर सावरत. कोकणातून लग्न होऊन आलेली आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती. तिच्यामागून आणखी दोघी शेजारणी. तिघी भिंतीला टेकून बसल्या.

यमुताईंनी फक्त आवाज थोडा मोठा केला.

बडोद्याचं काय काय मनात राहिलं विचाराल तर तलाव आहे, वाघ आहेत, चिवडा तर आहेच. पण काल रात्री आईने चुलीपुढच्या राखेत बोटाने काहीतरी लिहिलं आणि मला हाक मारली. वेलांटी उलटी होती. नाव तिचं स्वतःचं होतं.