मी खाल्लेला पुरावा

ती घटना आठवली की आजही जीभ कोरडी पडते. घर मराठी, पण मी लखनऊत वाढलो, इथेच पोलिसात लागलो, ठाण्याचा प्रभारीही इथेच झालो. पण पंचनाम्याला जाऊन पुरावाच खाऊन आलेला अधिकारी या शहरात दुसरा नसावा.

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतले एक मराठी इंजिनिअर आदल्या संध्याकाळपासून इस्पितळात होते. असंबद्ध बडबड, हवेतून काहीतरी वेचणं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. विषबाधेची खबर आलीच होती. सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, "खाना बनानेवाली से पूछिए. परसों ही डाँट पड़ी थी उसे." झालं. हेतू मिळाला, आरोपी मिळाली. चहा संपायच्या आत मी प्रकरण निकालात काढलं.

बाईला महिला शिपायासमोर बसवून तासभर विचारलं. तिचं एकच उत्तर, "दाल-रोटी बनाई थी साहब. रिक्शे में डालकर अस्पताल भी मैं ही ले गई."

"डर के मारे ले गई," मी म्हणालो. दुपारी अटक दाखवतो, असंही ऐकवलं. तिला तिथेच बसवून मी पंचनाम्याला निघालो.

घरी इंजिनिअरांच्या आई होत्या, महिन्यापूर्वीच साताऱ्याहून आलेल्या. मी मराठीत बोलताच त्यांना धीर आला. "आपलेच की तुम्ही. बसा." डाळीचा नमुना सीलबंद होतोय तोवर पुढ्यात गरम भजी. "हादग्याच्या फुलांची आहेत. मागच्या बागेत झाड सापडलं. मला तळलेलं चालत नाही, खा तुम्ही."

आई गेल्यापासून हादगा खाल्ला नव्हता. सहा भजी खाल्ली. हवालदाराचा मंगळवारचा उपास होता, म्हणून तो वाचला. जरा कडू लागली. हादगा कडूच असतो, हे ज्ञान मी त्याला दिलं.

पुढचं मला महिला शिपायाने सांगितलं. ठाण्यात परतून मी तीन ग्लास पाणी प्यायलो, कपाटाला "बैठिए" म्हणालो आणि फाइलवरच्या नसलेल्या मुंग्या वेचू लागलो. सगळे हसू दाबत उभे. उठली ती एकटी आरोपी. "दीदी, साहब की आँखें देखिए. भैया जी की भी ऐसी ही थीं. जल्दी ले जाइए, और पूछिए क्या खाया है."

डॉक्टरांना मी म्हणे सलाम ठोकून सांगितलं, "भजी." पोलीस पुन्हा घरी पोहोचले तेव्हा काकू उरलेली भजी डब्यात भरून मुलाकडे इस्पितळात निघाल्या होत्या.

आदल्या दिवशी मुलालाही त्यांनी हीच भजी वाढली होती. ते झाड हादग्याचं नव्हतं. धोतऱ्याच्या नात्यातलं, शोभेसाठी लावलेलं. तशीच लोंबणारी पांढरी फुलं. डॉक्टर म्हणाले, "त्यात ॲट्रोपिन असतं, स्कोपोलामाइन असतं. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला ॲट्रोपिनचेच थेंब घालतो आम्ही. तुम्ही ते तळून खाल्लंत." इंजिनिअर आणि मी, दोघेही बचावलो. काकूंना मात्र कितीतरी दिवस कोणी काही वाढा म्हटलं की रडू फुटायचं.

त्या बाईला मी तासभर प्रश्न विचारले. काकूंना साधं "काल मुलाने आणखी काय खाल्लं" एवढंही नाही. का, तर त्या मराठी बोलत होत्या.

बरा झाल्यावर माफी मागायला तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. कप उचलताना माझा हात क्षणभर थांबला. फक्त क्षणभर. तिने पाहिलं.

"पहले मैं पी लूँ, साहब?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी याहून अवघड प्रश्न विचारलेला नाही.