माऊसचा असहकार

माझ्या बहिणीचा जळगावच्या कॉलेजातला प्रवेश माऊसमुळे हुकला, असं आमच्या घरात पाहुण्यांना सांगितलं जातं. ही माऊसची बदनामी आहे, आणि बदनामी कुणाचीही असो, मी गप्प बसत नाही.

पिंपळनेरात आमच्या गल्लीत माझ्याइतकी पत्रकं कुणीच काढलेली नाहीत. (वाचणारे किती, हा प्रश्न विरोधक विचारतात.) घरातला जुना कॉम्प्युटरही मी पत्रकं टाइप करायलाच आणला. त्या दिवशी सकाळी मी शेजारच्या नानांविरुद्ध मोहीम उघडली होती. नानांच्या गोठ्याचं सांडपाणी गल्लीत येतं. आईने गव्हाच्या पिठाची पातेलंभर खळ शिजवून दिली आणि मी नानांच्याच भिंतीवर, त्यांच्याच डोळ्यांसमोर, पोस्टर चिकटवलं. घरी आलो तो थेट कॉम्प्युटरवर, दुसरं पत्रक करायला.

"हात धुई ले रे पहिले," आई म्हणाली.

मी धुतले नाहीत. हातावरची खळ म्हणजे कार्यकर्त्याची मेंदी, असं तेव्हा माझं मत होतं.

दुपारी तीनला पूनम कॉम्प्युटरवर बसली. तिला जळगावच्या कॉलेजात हवा तो विषय मिळाला होता. आता संध्याकाळी पाचच्या आत साइटवर 'प्रवेश स्वीकारा' एवढंच बटण दाबायचं होतं. फोनवर ते पान उघडत होतं, पण बटण स्क्रीनच्या बाहेर जाऊन बसायचं. कॉम्प्युटरवर ते समोर होतं, हिरवं, ठळक. तिने बाण त्यावर नेला आणि दाबलं.

काही झालं नाही.

"दादा, क्लिकच होत नाहीये."

मी जाऊन पाहिलं. बाण फिरत होता. उजवं बटणही चालत होतं. डावं मात्र दाबलं की खाली जाई आणि तिथेच बसून राही, निवेदन स्वीकारलेल्या साहेबासारखं. मी वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. माऊस उलटा करून त्याच्या पोटावर फुंकर मारली. रबरी पॅड काढून खाली वही ठेवली, मग वही काढून आईचा पोळपाट ठेवला. शेवटी टेबलावर दोनदा आपटला.

"आपटू नको, राहिलंय तेही जाईल," पूनम म्हणाली. "बाजूला सरक, मी कीबोर्डवरून करते. टॅब दाबत दाबत त्या बटणावर जायचं आणि एंटर मारायचं."

"मुळीच नाही."

"का?"

"धुळ्याच्या दुकानदाराने सहा महिन्यांपूर्वी नवा म्हणून दिलेला माऊस आहे हा. आज आपण टॅबवर भागवलं तर उद्या तो सगळ्या जिल्ह्याला असेच माऊस विकेल. सवलत घेत गेलो की हक्क मरतो, पूनम."

"हक्क पाचनंतर मार ना. कीबोर्ड दे."

कीबोर्ड मी दिला नाही, कारण मी त्यावर दुकानदाराविरुद्ध निवेदन टाइप करायला घेतलं होतं. पहिलाच परिच्छेद इतका जमला की दुसरा लिहावाच लागला. 'ग्राहकांच्या भावनांशी खेळ' हे शब्द मला तेव्हाच सुचले. पूनम मागे उभी राहून वेळ सांगत होती. चार वीस. चार पस्तीस. चार चाळीसला तिचा आवाज बंद झाला, तेव्हा मला वाटलं मुद्दा पटला.

ती नानांकडे गेली होती. ज्या भिंतीवर माझं पोस्टर होतं, त्याच भिंतीच्या दारातून आत.

पाचला दहा कमी असताना नाना स्वतःच त्यांच्या नातवाचा माऊस हातात घेऊन आले. मी उठलो आणि त्यांना नमस्कार केला. विरोधकाला नमस्कार, हे माझ्या सार्वजनिक जीवनात पहिल्यांदाच घडलं.

"तुना कागद मी वाचा," नाना म्हणाले. "अक्षर चांगलं शे."

पूनमने माऊस जोडला. पण माझ्या निवेदनाच्या काळात साइटने तिला बाहेर काढलं होतं. पुन्हा पासवर्ड, पुन्हा फोनवर येणारा नंबर. तो नंबर आला तेव्हा पाच वाजून एक मिनिट झालं होतं. हिरवं बटण राखाडी झालं होतं. आता ते कुठल्याच माऊसचं ऐकणार नव्हतं.

पूनम रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

नानांनी खिशातून लहान स्क्रू ड्रायव्हर काढला, आमचा माऊस उघडला आणि डाव्या बटणाखालचा पिवळट खडा नखाने खरवडला. दोन बोटांत चुरून पाहिला.

"हाई तं खळ शे," ते शांतपणे म्हणाले. "मनी भिंतवर बी हाईच शे."

आईने माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते मागे लपवले. निवेदन मी त्याच संध्याकाळी पुसून टाकलं. (चांगलं झालं होतं, हे अजूनही वाटतं.)

पुढच्या फेरीत पूनमला धुळे मिळालं, दुसऱ्या पसंतीचा विषय. ती मावशीकडे राहते, चांगलं चाललंय म्हणते, आणि जळगावचं नाव निघालं की विषय बदलते. उजव्या बटणाला डाव्याचं काम सेटिंगमधून देता येतं, हे मला नंतर कळलं. तिला मी ते अजून सांगितलेलं नाही.

नानांनी महिन्याभरात सांडपाण्याला पाइप बसवला. मोहीम फत्ते झाली म्हणून मी पोस्टर काढायला गेलो. पाणी मारलं, उलथण्याने खरवडलं, पण आईची खळ पक्की. फक्त मधला मजकूर निघाला, सांडपाणी गेलं, नानांचं नाव गेलं. पूनम सुट्टीला आली की त्या भिंतीसमोर थांबते आणि उरलेलं शांतपणे वाचते. वर, मोठ्या अक्षरांत: 'याला जबाबदार कोण?' आणि खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, माझं नाव.