मामांची बोटं आणि माझी वही

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तोंडी परीक्षा घेत होते. समोरची मुलगी कापसाच्या तंतूबद्दल घडाघडा सांगत होती आणि मी तिला पूर्ण गुण देऊन टाकले... वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेली मी, दुसरं काय देणार?

नारायणमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, खामगावच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवत. शिक्षण चौथी. डोळे मिटून चिमूटभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, ओढायची, तंतू जुळवायचे, पुन्हा ओढायची आणि सांगून मोकळं व्हायचं: लांबी किती, ओल किती, कितव्या वेचणीचा. पुढे त्या कामाला यंत्र आलं नि मामा घरी बसले. यंत्रावर त्यांचा राग नव्हता. आपल्या हातातलं कसब कुणीतरी घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पोटी मूलबाळ नाही, मामी कधीच गेलेल्या. उरले ती मी.

एका हिवाळ्यात दर रविवारी मी मलकापूरहून त्यांच्याकडे जात असे. ते माझ्या हातावर रुई ठेवायचे आणि मी आधी पेन काढायची.

"लिवू नको, पोरी. बोटायले पाहू दे."

"मामा, लिहिलं म्हणजे राहतं."

"कुठं राह्यते? वहीत?"

मी हसले. परीक्षेत विचारता येतं तेच शिक्षण, असं मानणारी आमची शिक्षकांची जात. पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते बिचारे. वही भरली आणि मी जाणं बंद केलं. शिकून झालं होतं ना!

मग मामांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. शेवटच्या भेटीत त्यांनी डाव्या हातानं उशाखालून रुईचा पुंजका काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"सांग."

मी ओढला. तंतू तुटले. वहीचं पान न् पान आठवत होतं, बोटांना काही म्हणता काही कळत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "मामा, वाण कोणता हा?" वाणाचं नाव कळलं असतं तर लांबी मला पाठ होती.

"राहू दे, पोरी... आता मलेही नाही सांगता येत."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या क्षणाची लाज अजून जात नाही, जाणारही नाही.

तो पुंजका माझ्या टेबलावर आहे, शेजारी वही. कॉलेजला निघण्याआधी मी रोज चिमूटभर ओढून बघते. वहीत एकही चूक नाही. पुंजका मात्र संपत आलाय, आणि तो कसा होता हे सांगणारं आता कुणी नाही.