मी ऐकलेल्या तीन चापटा

आयकिडो शिकायला गेलो तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. नांदेडला बदली झाली होती, शुगर निघाली होती, आणि डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून दम दिला होता. ऑफिसातला एक जण म्हणाला, जपानी कुस्तीचा क्लास आहे, वयाची अट नाही. गेलो.

ती कुस्ती नव्हती. हे डोक्याला कळलं, अंगाला नाही. माझे वडील अहमदपूरकडच्या जत्रांमध्ये फडात उतरायचे. पाठ मातीला लागली की माणूस हरला, आमच्या घरात शास्त्र ते एवढंच. आणि इथे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी पडायला शिका." हनुवटी छातीला, पाठ गोल, गडगडत जायचं आणि उठायचं. समोरच्याचा जोर अडवायचा नाही, त्याला वाट द्यायची. चार वेळा तुम्ही त्याला पाडायचं, चार वेळा त्यानं तुम्हाला. मनगट किंवा खांदा पिळला जाताना सोसवेनासं झालं की मोकळ्या हातानं गादीवर चापट मारायची. चापट ऐकली की सोडायचं. लगेच. "तो त्याचं अंग विश्वासानं तुमच्या हातात देतो," सर म्हणायचे. "तुम्ही ते जसंच्या तसं परत द्यायचं."

क्लास सकाळी सहाला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. कार्यालय माझ्या मेहुण्याचं. क्लासची आधीची जागा गेली तेव्हा मीच शब्द टाकून हॉल मिळवून दिला होता, त्यामुळे तिथे मला जरा मान होता. नको तेवढा.

माझ्या जोडीला एक ताई असायच्या. एसटीत कंडक्टर, मूळच्या बिलोलीकडच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. "गर्दीत कुणी हात धरला तर सोडवून घेता आला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. "भांडायचं न्हाई, दादा. गाडी टायमात न्यायची असती." त्यांना सगळं लवकर जमलं. भरल्या गाडीत उभं राहून पाय आधीच तयार झालेले होते.

त्या दिवशी त्यांनी मला पाडलं. मी मनगट धरायला गेलो, त्या नुसत्या बाजूला सरकल्या, आणि माझाच जोर मला पुढे घेऊन गेला. गोल व्हायचं सोडून मी ताठ राहिलो. पाठ धाडकन आपटली.

"काका चितपट!" कडेला बसलेला एक जण ओरडला. सगळे हसले. ताईही हसल्या, पण मला उठवायला हात पुढे करत. "लागलं का हो? सैल सोडा की अंग. पोत्यासारखं काय पडताय!"

पुढची पाळी माझी होती. डाव असा, की समोरच्याचं मनगट आत वळवून खाली न्यायचं. ताई गुडघ्यावर आल्या. चापट पडली. मी ऐकली. दुसरी पडली, तीही ऐकली. तिसरी पडली तेव्हा मी अजून दाबतच होतो. एक श्वासभर, जास्त नाही. मग माझ्या मुठीत काहीतरी जागचं हललं.

त्या किंचाळल्या नाहीत. तोंड उघडं, आवाज नाही, आणि नजर मनगटावर.

सर धावत आले. "चापट मारली नाही का तिनं?"

"नाही, सर," मी म्हणालो.

हाड हललं त्यापेक्षा जास्त धक्का मला 'नाही' म्हणणाऱ्या त्या आवाजाचा बसला. माझाच होता. शांत, सरळ, जरासुद्धा न कापणारा.

"मारली की, सर," ताई म्हणाल्या. "तीनदा मारली."

"मग हळू मारली असणार. ऐकू गेली पाहिजे, हे किती वेळा सांगायचं?" सर सगळ्यांदेखत म्हणाले.

ताई पुन्हा आल्या नाहीत. मी चार वर्षं शिकत राहिलो. मग लातूरला बदली झाली, आणि आता तिथे नवीन लोकांना मी शिकवतो. चापटेचा नियमही मीच सांगतो. न अडखळता.

गेल्या महिन्यात नांदेडहून लातूरला येत होतो. लोहा गेल्यावर कंडक्टर तिकिटं काढत माझ्यापर्यंत आल्या, तर त्याच. मशीन पट्ट्यानं गळ्यात, बटणं उजव्या हातानं. डावं कोपर दांड्यात अडकवून तोल सांभाळत होत्या. मी पिळलेल्या मनगटाला काम नव्हतं.

"अगं बाई, दादा! पडायला शिकलात का न्हाई अजून?"

मी बोललो. कसं सुरू केलं, आठवत नाही. "ताई, चापट मी ऐकली होती. तिन्ही ऐकल्या होत्या."

हसू क्षणभर चेहऱ्यावर तसंच राहिलं. "ऐकली होती?"

"हाव."

"मग?"

"तुम्ही मला पाडलं होतं. लोक हसले होते."

एवढंच कारण. तोंडातून निघाल्यावर ते इतकं बारकं वाटलं की माझा मलाच विश्वास बसेना.

त्यांनी तिकीट काढून हातात दिलं. "अहमदपूरला गाडी धा मिनिटं थांबती. सरांना फोन करून सांगा हेच."

स्टँडच्या कँटीनजवळ उभं राहून फोन लावला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मला माहीत आहे. चापट मीही ऐकली होती."

मला आधी अर्थच लागेना. "मग त्यांना तसं का बोललात, सर?"

"हॉल तुमच्या मेहुण्याचा होता. क्लास बंद पडला असता. आता कशाला उकरता?"

हे ताईंपासून लपवता आलं असतं. जिभेला सवय होती. गाडीत चढलो आणि सांगून टाकलं.

त्या बाजूच्या सीटवर बसल्या. "प्लॅस्टर निघाल्यावर घरी फरशीवर चापटा मारून बघायचे मी, दादा. पोरीला आतल्या खोलीत बसवून इचारायचे, आली का ऐकू? ती म्हणायची, आली. मी दार लावून पुन्हा मारायचे. तरी म्हणायची, आली. लई चिडले एकदा. खोटारडी म्हणून थोबाडीत दिली तिच्या."

गाडी हलली तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"लातुरात कॉलेजला हाय ती. आज डबा घ्यायला स्टँडवर येणार. तिला सांगा. मी न्हाई, तुम्ही सांगा."

लातूरच्या स्टँडवर, फलाटाच्या खांबाशी, त्या पोरीला मी पहिल्यापासून सांगितलं. काय केलं, का केलं, कोणी कोणी ऐकलं होतं. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. डबा छातीशी धरून ती सगळा वेळ आईकडे बघत होती.