चहात बुडवलेलं पत्र

सालेकशाच्या शाळेत मी पंचेचाळिशीपर्यंत इतिहास शिकवला, म्हणजे वह्यांत उतरवून दिला. मग एक तरुण मॅडम आली आणि कोकणातून इस्रायलला गेलेल्या ज्यू कुटुंबांची गोष्ट नववीला मोकळ्या तासांना चक्क त्यांच्याच पत्रांवरून शिकवू लागली. गोंदियाहून झेरॉक्स करून आणलेली पत्रं, तीही मराठीत. तिकडे पोचलेली बाई मागे राहिलेल्या बहिणीला लिहिते, इथे नारळ मिळत नाही, पण शनिवारी सगळ्या गावालाच सुट्टी असते. पोरं मान वर न करता वाचत. माझ्या तासाला हीच पोरं खिडकीतून मालगाडी बघत.

माझा नुसता जळफळाट. त्यात मुख्याध्यापक बोलून गेले, पुढल्या वर्षी इतिहास तिला देऊ.

आता माझी अक्कल बघा. घरी कोरा कागद चहात बुडवला, तव्यावर वाळवला आणि ज्यू बाईचं बहिणीला पत्र स्वतःच लिहिलं. लिहिताना रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना आणि तिला मागच्या बाकावर बसवून मी वर्गाला म्हणाले, "हे माझ्याकडचं अस्सल पत्र."

पण कागद हाती आला की कोणी लिहिला, कोणाला, कशासाठी, हे विचारायची सवय तिनं पोरांना लावून ठेवली होती. एक पोरगी उठली. "मॅडम, ही बाई कोकणातली ना? मग तिले मोहफुलं वेचाची आठवण कायले येऊन राहिली?"

"असतील तिकडंही," मी म्हटलं.

"माहा मामा तिकडं आंबे उतरवाले जाते. मोह नाही म्हणते."

शेजारची कागद हुंगून म्हणाली, "अन् याले अद्रकच्या चाहाचा वास येऊन राहिला."

वर्ग खुसखुसला. ती मॅडम हसली नाही, हे जास्त झोंबलं. पुढे येऊन म्हणाली, "खोटं पत्रही खूप सांगते. लिहिणारीबद्दल काय कळलं?"

"इथलीच आहे," पोरं म्हणाली. "कोकण पाहिलं नाही तिनं."

"अन् बहिणीवर जळते," पहिली पोरगी म्हणाली. "चारदा लिहिलं, सगळे तुलेच मानतेत म्हणून."

मी फळा पुसत राहिले. कोरा होता.

जूनमध्ये इतिहास तिला मिळाला, मला भूगोल. तिनं विचारलं, "ताई, ते पत्र द्याल? दरवर्षी वर्गाला दाखवीन."

दिलं नाही. मागच्या महिन्यात ती रिटायर झाली, तेव्हा निरोपाच्या जेवणात पुन्हा मागितलं. हरवलं म्हणून सांगितलं, आणि घरी येऊन कपाटात जागेवर आहे ना, ते पाहून घेतलं.