बिज्याच्या बेटावर

वर्धा शहरालगतच्या पिपरी मेघेहून आम्ही सकाळीच मोटारसायकलवर निघालो. दिवाकरभाऊजी, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान, पुढे आणि मी मागे. वडनेरच्या पलीकडे वर्धा नदीच्या पात्रात एक बेट आहे. तिथे बिज्याची (आपल्याकडच्या बिबळ्याची) जुनी झाडं अजून उभी आहेत असं ऐकलं होतं. मला ती पाहायची होती. भाऊजींना शुगरसाठी त्या लाकडाचा पेला करून घ्यायचा होता. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं, असा इकडचा उपाय.

वडनेरला तर्री-पोहे खाल्ले. नदीकाठच्या गावात गाडी लावली आणि गुडघाभर पाण्यातून बेटावर चढलो. भर दुपार होती, तरी झाडीत शिरताच अंगावर काटा आला. एक पाखरू बोलत नव्हतं. भाऊजी दबक्या आवाजात सांगत होते, बिज्याची ढोलकी चांगली घुमते, दारं-चौकटी वाळवीला दाद देत नाहीत, डिंक जखमेवर लावतात. बोलता बोलता सारखे मागे वळून पाहत होते.

वाऱ्याने मोडलेली एक ओली फांदी लोंबकळत होती. मी ती धरली, भाऊजींनी कुऱ्हाड चालवली. घावातून लालभडक रस पाझरला. माझे तळवे, शर्टाच्या बाह्या, सगळं माखलं. नदीत कितीतरी वेळ हात चोळले, पण डाग निघेनात.

गावात परतलो, तर ओट्यावर बसलेली एक म्हातारी धडपडत उठली. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"कोनाचं रगत आहे हे?"

"रक्त नाही, आजी. बिज्याचा रस आहे."

तिने माझा तळवा हुंगला. मग भाऊजींकडे पाहत सावकाश म्हणाली, "तवाबी तू असंच सांगतलं होतं."

भाऊजींनी फांदी तिथेच टाकली आणि गाडीला किक मारली. वडनेरच्या टपरीवर चहाचा कप हातात आला, तेव्हा एकदम म्हणाले,

"तिचा नवरा मायासंगं गेलता बेटावर. पाय घसरला त्याचा, वाहून गेला. मी नाई मारलं त्याले."

मी काहीच विचारलं नव्हतं.

एसटीने जावंसं वाटलं. पण ताई दोघांसाठी स्वयंपाक करून थांबली होती. एकटा पोचलो तर तिला काय सांगणार? पुन्हा त्यांच्या मागे बसलो. खड्ड्यांतून गाडी उसळत होती, तोल जात होता. तरी घर येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा मला धीर झाला नाही.